नथ, वाफ आणि सोनेरी वर्तुळ

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास डोंबिवली स्टेशनच्या पुलावरून उतरणारी गर्दी घरी निघालेली आहे, असं बाहेरगावच्या माणसाला वाटतं. प्रत्यक्षात ती आधी पोळ्यांकडे निघालेली असते. रस्ते, पाणी, वीज यांवर डोंबिवलीकरांत मतभेद होऊ शकतात. पोळीभाजी केंद्र ही गावातली खरी नागरी सुविधा आहे, याबद्दल दुमत नाही. दिवसभर मुंबईत नोकरी करून, जाता-येता लोकलमध्ये चेंगरून आलेल्या बाईनं घरी येऊन पुन्हा कणीक का तिंबायची, या प्रश्नाला गावानं दिलेलं ते चोख उत्तर आहे.

या केंद्रांची ओळख वर्षानुवर्षं पत्त्यातच सामावलेली असायची. पुलाखालची. बँकेच्या गल्लीतली. त्या दोघी जावांची. फार झालं तर दाराशी एक फळा आणि त्यावर खडूनं 'आज : दुधी, मटकी'. मटकी संपली की ती पुसायची. इतकी प्रामाणिक जाहिरात मी दुसरी पाहिलेली नाही.

आता त्या फळ्याच्या डोक्यावर एआयनं काढलेला लोगो आला आहे.

तो कसा दिसतो हे खरं तर सांगायला नको, कारण तुम्ही तो पाहिलेला आहे. एक सोनेरी वर्तुळ. वर्तुळात एक बाई. नऊवारी, नथ, कपाळावर चंद्रकोर, आणि हसू असं की दात आणि नथीचे मोती एकाच कारखान्यातून आलेले असावेत. हातात थाळी. थाळीतून वाफ निघते, वर जाता जाता तिचं पान होतं. दोन्ही बाजूंना गव्हाच्या लोंब्या. तळाशी इंग्रजीत 'ऑथेंटिक' आणि 'होममेड', आणि त्याखाली स्थापनेचं साल. हे साल पूर्वी दुकानाला पन्नास वर्षं झाली की मोठ्या संकोचानं पाटीवर चढायचं. 'स्थापना २०२५' असं २०२५ मध्येच लिहिण्याचा आत्मविश्वास माणसाला सुचला नसता. तो एआयनं दिला.

दिवाळीआधी ठाण्या-डोंबिवलीत ग्राहकपेठा भरतात. तिथे ही बाई रांगेनं भेटते. फराळाच्या स्टॉलवर तिच्या हातात चकल्यांचं ताट असतं. पुढच्या स्टॉलवर ताट जाऊन पैठणीचा पदर येतो. त्यापुढे उटणं, मग गोधड्या, मग आगरी मसाला. नथ तीच, हसू तेच. पाचव्या स्टॉलवर तर 'काय, कशा आहात?' असं विचारावंसं वाटतं.

ही बाई आली कुठून, याचा मी बराच विचार केला, आणि मला वाटतं तिच्या जडणघडणीत डोंबिवलीचा थोडा हात आहे. गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा गणेश मंदिर संस्थानानं इथे सुरू केली ती १९९९ मध्ये. मग ठाणे, गिरगाव करत ती गावोगाव गेली. नऊवारी नेसून, फेटा बांधून, गॉगल लावून बुलेटवर बसलेल्या बायकांचे फोटो दर पाडव्याला निघतात, आणि निघालेला फोटो इंटरनेटवर जातोच जातो. 'मराठी बाई' म्हटल्यावर यंत्रानं तिथे धुंडाळलं, तर त्याच्या हाती डोंबिवलीतला, यात्रेचा फडके रोडच लागायचा. आपण हौसेनं वर्षातून एक दिवस नटलो; यंत्राला वाटलं, या बायका पोळ्याही अशाच नटून लाटतात.

आमच्या शेजारच्या वहिनी पुरणपोळ्या करतात. मार्गशीर्षातले गुरुवार, होळी, पाडवा या दिवसांत त्यांच्या घरासमोरून जाताना वेलचीच्या वासानं पाय अडखळतो. त्यांचा मुलगा कॉलेजात आहे. 'आई, दोन मिनिटं' असं म्हणून त्यानं पलंगावर लोळत फोनवर लोगो करायला घेतला, आणि खरोखरच दोन मिनिटांत चार लोगो समोर ठेवले. मार्च २०२५ मध्ये सगळ्या सोसायटीनं आपापले फोटो जपानी घिबली चित्रपटांच्या शैलीत करून घेतले होते, तेव्हापासून या मुलाकडे तांत्रिक सल्लागाराचं पद चालत आलेलं आहे.

चारही लोगो देखणे होते. पहिल्यात नाव होतं 'पुरणपळी'. दुसऱ्यात 'पूरणपोली'. तिसऱ्यात र आणि ण यांनी एकमेकांना अशी मिठी मारली होती की मध्ये पडणं बरं दिसलं नसतं. चौथ्यात अक्षरं सुबक, शिरोरेषा सरळ, आणि नाव 'पुराणपोळी'. पुरणपोळी दोन दिवस टिकते हे सर्वांना ठाऊक आहे. पण पुराणकाळापासून टिकलेली घ्यायला कोण येणार?

वहिनी नावाकडे पाहतच नव्हत्या. त्या चित्राकडे पाहत होत्या. "भाऊजी, हिची नथ उजव्या नाकपुडीत आहे," त्या म्हणाल्या. मग त्यांचं लक्ष लाटण्याकडे गेलं. बेकरीत असतं तसं जाडजूड, दोन्ही टोकांना मुठी असलेलं लाटणं त्या बाईच्या हातात होतं. "ह्यानं पुरणपोळी लाटली तर पुरण थेट ओट्यावर." बोटं मात्र पाचच होती. दोन-तीन वर्षांपूर्वी या चित्रांत सहा-सात बोटं सर्रास असायची. तो हिशेब आता बराच सुधारला आहे. पण बोटं मोजता येतात. लाटणं कुठल्या स्वयंपाकघरातलं आहे हे मोजता येत नाही, ते पाहिलेलं असावं लागतं.

ही यंत्रं चित्रं शिकतात ती चित्रं आणि त्यांच्याखालचा मजकूर अशा जोड्या पाहून. २०२२ मध्ये खुल्या झालेल्या अशा एका साठ्यात, त्याचं नाव लायन-५बी, ५८५ कोटी जोड्या होत्या. त्यांत इंग्रजीचा वाटा सर्वांत मोठा. चित्र काढताना यंत्र नुसत्या ठिपक्यांच्या गोंगाटापासून सुरुवात करतं आणि आपल्या शब्दांच्या धोरणानं तो गोंगाट थोडा थोडा पुसत जातं. उरतं ते चित्र. म्हणजे 'घरगुती', 'चविष्ट', 'पारंपरिक' हे शब्द दिले, की त्या शब्दांखाली जगानं जे सर्वांत जास्त वेळा काढून ठेवलं आहे, त्याच्या आसपासचं काहीतरी आपल्या पदरात पडतं. ते वाईट नसतं. ते कुणालाच खटकत नाही, आणि नेमकी तिथेच गोम आहे. दुकानाच्या खुणेनं शेजारच्या दुकानापासून वेगळं दिसायचं असतं. हे यंत्र मुळात शेजाऱ्यांची सरासरी काढणारं. लग्नाला भाड्यानं आणलेल्या शेरवानीसारखा हा लोगो सगळ्यांना बसतो, फोटोत छान येतो, आणि आधी तो कुणी घातला होता हे विचारायचं नसतं.

अक्षरांचं दुखणं आणखी वेगळं. आपल्या लेखी 'पो' हे अक्षर आहे. यंत्राच्या लेखी ती काड्या आणि वळणांची एक आकृती आहे. वेलांटी कुठून सुरू होऊन कुठे टेकते, उकार कुणाच्या पायाशी, रफार कुणाच्या डोक्यावर, या सगळ्याला कारण आहे हे त्याला ठाऊक नसतं. त्यात देवनागरीतही त्यानं पाहिलेली असते ती बहुतेक हिंदी. 'ळ'शी त्याची ओळख जुजबी. म्हणून पोळीची पोली होते. आपला ल पाकळ्यांचा आणि श देठाचा, असं राज्य शासनानं ठरवून दिलेलं आहे. यंत्र हिंदीतला दांडीचा ल ठेवून मोकळं होतं. नव्या आवृत्त्या अक्षरं पुष्कळ बरी काढतात, हे कबूल. पण अक्षर शुद्ध येणं आणि अक्षराला स्वभाव असणं यांत अंतर आहे, आणि हे अंतर आपल्या भागात चांगलं माहीत असायला हवं.

कारण मुलुंडला, म्हणजे ठाण्याच्या अलीकडच्या स्टेशनावर, कमल शेडगे होते. २०२० मध्ये पंच्याऐंशीव्या वर्षी ते गेले. आयुष्यभर त्यांनी मराठी नाटकांची नावं रेखाटली. वर्तमानपत्राच्या पानावर नाटकाची जाहिरात केवढीशी असायची, पण नावाच्या अक्षरांवरून कळायचं की हे नाटक हसवणार आहे, घाबरवणार आहे, की दोन अंक रडवून तिसऱ्यात समेट करणार आहे. चित्र नसलं तरी चालायचं. ठाण्यात मसुंदा तलावाकाठी १९७८ मध्ये गडकरी रंगायतन हे नाट्यगृह उभं राहिलं. त्याच्या दारातले बोर्ड वाचत तलावपाळीला फेऱ्या मारणाऱ्या ठाणेकरांनी अक्षरांचं हे शिक्षण फुकटात घेतलेलं आहे. ज्यांना नाटकाचं तिकीट परवडत नव्हतं, त्यांनाही नाटकाचं नाव परवडायचं.

गल्लीतला पेंटर काही शेडगे नव्हता. तो दुकानाच्या शटरवर एनॅमलनं अक्षरं काढायचा, 'व्हरायटी'मधला ह अर्धा विसरायचा आणि 'क्षीखंड'ही पूर्ण आत्मविश्वासानं लिहायचा. पण पाटीच्या उजव्या कोपऱ्यात तो बारीक अक्षरांत स्वतःचं नाव लिहायचा. पेंटर अमुक, अमुक नाका. त्यामुळे क्षीखंडाची तक्रार घेऊन कुठे जायचं हे ठरलेलं असायचं. तोही ब्रश घेऊन यायचा आणि 'शेठ, कुणी वाचतं का?' असं विचारत क्षीचा श्री करायचा. एआयच्या लोगोच्या कोपऱ्यात कुणाचंच नाव नसतं. 'पुराणपोळी'बद्दल जाब विचारायला गेलं, तर यंत्र तत्काळ दिलगिरी व्यक्त करतं आणि अतिशय नम्रपणे 'पुरणपोळि' करून देतं.

लोगोची पुढची परीक्षा फ्लेक्सवाल्याकडे असते. स्टेशनजवळच्या त्या दहा बाय दहाच्या गाळ्यात भल्याभल्या चित्रांचं गर्वहरण झालेलं आहे. वहिनी फोन घेऊन गेल्या. मी सोबत होतो.

"ताई, ही जेपीजी आहे. कोरलमध्ये नाही का?"

"दादा, आमच्याकडे फोनमध्येच आहे."

"फोनवर छानच दिसणार. पण आठ बाय तीनला टाकली की फाटणार."

फाटणार म्हणजे ठिपके दिसणार, कडा दातेरी होणार. छापायला लागतं ते कोरलसारख्या प्रोग्रॅममधलं, रेषांनी बनलेलं व्हेक्टर चित्र. ते कितीही ताणा, कड शाबूत राहते. यंत्रानं दिलेलं असतं ते ठिपक्यांचं चित्र. ते पुन्हा रेषांत गिरवायचं, म्हणजे 'ट्रेस' करायचं, तर फ्लेक्सवाला त्याचे वेगळे पैसे घेणार. एव्हाना फुकटच्या लोगोचं पहिलं बिल झालेलं असतं. शिवाय त्या सोनेरी वर्तुळातलं सोनं हे शंभर छटांचं मिश्रण असतं. पोळीच्या पाकिटावर एका रंगात छापायचं झालं की त्या सोन्याचा चिखल होतो. वहिनींनी पावतीसाठी रबरी शिक्काही करून घेतला. एकाच शाईत, दीड इंचात ती बाई उतरली तेव्हा चंद्रकोर नाहीशी झाली होती, वाफेचा धूर झाला होता, आणि नथीच्या जागी भरघोस मिशी आली होती. शिक्का अजून आहे. बघणाऱ्याला वाटतं, हा त्यांच्या सासऱ्यांचा फोटो असावा.

नावाच्या आकाराचाही एक कायदा आहे. राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून लहानमोठ्या सर्व दुकानांना देवनागरीत मराठी पाटी हवी, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही, दोन महिन्यांत पाट्या लावा, असं दुकानदारांना सांगितलं. यंत्राला हे कुणी कळवलेलं नाही. त्याचा लोगो इंग्रजीतच विचार करतो. मोठं नाव रोमनमध्ये, आणि देवनागरी मागितली तर ती खाली, माफी मागितल्यासारखी. मग दुकानदार काय करतो? लोगो तसाच ठेवतो, आणि त्याच्या शेजारी फ्लेक्सवाल्याच्या संगणकात वर्षानुवर्षं पडून असलेल्या फॉन्टमध्ये मराठी नाव टाकतो. एकाच पाटीवर दोन दुकानं दिसू लागतात. खरं म्हणजे मुंबईतल्या 'एक टाइप' या अक्षरकारांच्या गटानं 'मुक्ता'सारखे देखणे देवनागरी फॉन्ट सर्वांना मोफत वापरायला दिलेले आहेत. त्यांचा 'मोदक' नावाचा फॉन्ट तर इतका गरगरीत आहे की नुसतं नाव लिहिलं तरी तोंडाला पाणी सुटावं. बाईची गरजच नाही.

याहून गंभीर प्रकरण मालकीचं. धंदा चालला तर लोगोची नोंदणी करावी असं कधीतरी कुणीतरी सुचवतंच. मुंबईचं ट्रेडमार्क कार्यालय अँटॉप हिलला आहे, अर्ज ऑनलाइन करता येतो. वैयक्तिक किंवा लघुउद्योजकाला शुल्क एका वर्गासाठी साडेचार हजार. असे एकूण ४५ वर्ग. पुरणपोळी, मसाले हे ३० व्या वर्गात. लोणचं २९ व्या. आणि गिऱ्हाइकाला बसवून वाढलं तर ४३ वा. म्हणजे वहिनींनी पोळीबरोबर लोणच्याची फोड दिली आणि वर 'बसा ना' म्हटलं, तर तीन वर्ग झाले. नोंदणी दहा वर्षं टिकते, पुढे नूतनीकरण. पण कायद्याचा पहिला प्रश्न असा, की ही खूण तुमचा माल इतरांच्या मालापासून वेगळा ओळखू देते का? ग्राहकपेठेतल्या त्या पाच स्टॉलवाल्यांनी एकाच दिवशी अर्ज केले तर काय होईल, या कल्पनेनं मला अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याची दया येते. पाचही फायलींत एकच बाई, आणि पाचही जणी सांगणार, ही आमची.

चित्राचा कर्ता कोण, हाही घोळ आहेच. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीपासून म्हटलं आहे की संगणकानं तयार केलेल्या कृतीचा कर्ता म्हणजे ती करवून घेणारी व्यक्ती. एआयच्या चित्रांना ते कितपत लागू पडतं यावर अजून वाद आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये एका न्यायालयानं सांगितलं की माणूस कर्ता नसेल तर कॉपीराइटच नाही. आमच्या बाबतीत कर्ता पलंगावर लोळत होता, एवढंच मी साक्षीत सांगू शकेन.

आणि यंत्राला मर्यादा ठाऊक नसतात. मिसळीच्या गाडीसाठी 'मराठमोळा, रांगडा लोगो' मागा. घोडा, तलवार, किल्ला, आणि जरा आग्रह धरला तर प्रत्यक्ष महाराज! पण १९५० च्या बोधचिन्हे आणि नावे यांविषयीच्या कायद्यानुसार छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय व्यापारासाठी वापरता येत नाही. देवादिकांचंही तसं सोपं नाही. 'रामायण' या नावावर उदबत्तीसाठी हक्क सांगणाऱ्याला २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं नकार दिला. पवित्र ग्रंथाचं नाव एकट्या दुकानदाराचं होऊ शकत नाही. गल्लीतला पेंटर कायदा शिकलेला नव्हता, पण 'शेठ, महाराजांना झणझणीत म्हणून नका लिहू' एवढं सांगायची अक्कल त्याला नाक्यावर उभं राहूनच आलेली असायची.

हे सगळं खरं असलं तरी, एआयकडे जाणाऱ्याला नावं ठेवायला मी धजत नाही. वहिनींची सबंध होळीची कमाई एखाद्या बऱ्या डिझायनरच्या पहिल्या बैठकीत खर्ची पडेल. तो डिझायनर मग पोळीचा गोलाकार काढून, 'यातून पूर्णत्व आणि आईचं वात्सल्य सूचित होतं' असं अठरा पानांत समजावणार. वहिनींना वात्सल्याचं पाकिटामागे किती पडतं हे कळल्याशिवाय त्या ऐकणार नाहीत. आणि जुना पेंटर तरी कुठला स्वतंत्र बुद्धीचा? त्यानं डोंबिवलीपासून कल्याणपर्यंत एकच मोर आणि एकच लक्ष्मीची पावलं काढली. नक्कल ही यंत्राची देणगी नाही. फरक इतकाच की पेंटरचा मोर प्रत्येक पाटीवर थोडा वेगळा बिघडायचा, आणि त्या बिघाडावरून दुकान ओळखता यायचं. 'तो मानमोड्या मोर आहे ना, तिथून डावीकडे' असा पत्ता सांगता यायचा. सोनेरी वर्तुळातल्या बाईवरून डावीकडे वळायला सांगितलं, तर माणूस दिवसभर डावीकडेच वळत राहील.

मला कोडं पडतं ते दुसरंच. आपल्या या पट्ट्यात जी नावं खरोखर मोठी झाली, त्यांच्या लोगोत काय होतं? ठाण्याची मामलेदार मिसळ घ्या. शेजारी मामलेदार कचेरी होती म्हणून लोकांनी ते नाव पाडलं. कचेरीतला मामलेदार पुढे तहसीलदार झाला, हुद्द्याचं जुनं नाव बोलण्यातून गेलं, मिसळ मात्र अजून मामलेदारच आहे. कल्याणचा खिडकी वडा घराच्या खिडकीतून विकला जायचा, म्हणून खिडकी. धंदा खिडकीत मावेनासा झाला, तरी नाव खिडकीतून बाहेर आलं नाही. एखाद्या हुशार यंत्राला 'चविष्ट वड्यासाठी नाव आणि चिन्ह सुचव' म्हटलं असतं, तर त्यानं मिरची सुचवली असती, कढई सुचवली असती, वाफ तर नक्कीच. खिडकी सुचवली नसती. खिडकीचा वड्याशी काही संबंधच नाही. तिचा संबंध त्या एका घराशी आणि तिच्यासमोर हात लांब करून उभ्या राहिलेल्या कल्याणकरांशी.

डोंबिवलीत ज्यांचा कारखाना आहे त्या विको कंपनीचं नाव तर विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी या रुक्ष नावाची आद्याक्षरं. केशव विष्णू पेंढरकरांनी १९५२ मध्ये धंदा सुरू केला तेव्हा दंतमंजन दारोदार फिरून विकलं. ती आद्याक्षरं माणसांच्या ओळखीची झाली ती आधी उंबऱ्यावर, मग सिनेमागृहात आणि दूरदर्शनवर. ठाण्याच्या पितांबरीनं तांब्या-पितळेची भांडी घासली, आणि पावडरीचं नाव घासणाऱ्या हातांना पाठ झालं. या कुणाच्याही खुणेला पहिल्या दिवशी अर्थ नव्हता. तो वापरानं आला, आणि तो भरला गिऱ्हाइकानं. लोगो कोरा असला तरी चालतो. त्यात भरायला जागा हवी. एआयच्या लोगोत जागाच नसते. बाई, थाळी, वाफ, पान, लोंब्या, रांगोळी आणि 'ऑथेंटिक' यांनी तो पहिल्या दिवशीच गच्च भरलेला असतो. दुकानाला स्वभाव फुटायच्या आधीच त्याला चेहरा मिळालेला असतो, आणि तोही शेजारणीचा.

त्यामुळे कुणी विचारलंच तर मी सांगतो, वर्षभर लोगोशिवाय राहा. फळा, खडू आणि नाव नीट अक्षरांत लिहिलेला एक रबरी शिक्का पुरे. एआयला हिशेब विचारा, पाकिटावरचा घटकपदार्थांचा मजकूर लिहून घ्या, फारच हौस असेल तर वाढदिवसाला चित्र काढून घ्या. मात्र लोक तुम्हाला कुणाकडे पाठवताना काय म्हणतात, तिकडे कान ठेवा. ते म्हणतील तेच तुमचं चिन्ह. मग एखादा अक्षर जाणणारा माणूस गाठून ते एका रंगात, एका रेषेत काढून घ्या.

वहिनींच्या बाबतीत हे कधीच ठरून गेलेलं होतं, फक्त आमच्या ध्यानात आलं नव्हतं. त्या राहतात तिसऱ्या मजल्यावर, इमारतीला लिफ्ट नाही. गुडघे धरलेलं गिऱ्हाईक खालूनच हाक मारतं आणि वहिनी गॅलरीतून दोरीला बांधून टोपली सोडतात. टोपलीत पैसे वर जातात, पोळ्या खाली येतात. सबंध पेठ त्यांना 'टोपलीच्या पोळ्या' म्हणूनच ओळखते. सोनेरी बाईचा बोर्ड लागल्यावरही लोक विचारत आले ते टोपलीच्याच पोळ्या कुठे मिळतात म्हणून. आता मुलानं ती बाई उतरवली आहे आणि एका पेंटरकडून टोपली काढून घेतली आहे. एक कमान, एक दोरी, शिक्क्यावरही मिशी न फुटता उमटणारी. अडचण एकच आहे. इमारत पुनर्विकासाला गेली, आणि नव्या टॉवरमध्ये वहिनींना एकोणिसावा मजला मिळतोय. बिल्डरनं दोन लिफ्ट दिल्यात, टोपलीची काही गरज नाही, असं तो परत परत सांगतो. वहिनींनी त्याला शांतपणे सांगितलं, की कल्याणात खिडकीची तरी आता कुठे गरज आहे?